पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही: काय परत करायचं ते आत्ताच ठरवू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. तुम्ही पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडलात. राइझन ७५००एफ प्रोसेसर, बी६५० चा मदरबोर्ड (पुढे नुसता ‘बोर्ड’), डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा डबा. बटण दाबलं की पंखे फिरतात, बोर्डावर दिवे लागतात, पण मॉनिटर काळाच. मिनिटभर वाट बघून तुम्ही बंद करता. कधी कधी तो आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होतो. सगळं तीनदा तपासलंत, रॅम काढून घातलीत, आणि शेवटी विचारलंय, ‘बोर्ड परत करू की एसएमपीएस?’

याचं सरळ उत्तर आज कुणीच देऊ शकत नाही. आणि माझ्या मते तुमची खरी अडचण कोणता पार्ट खराब आहे ही नाहीच. काल चालणारा पीसी आज बंद पडला, तर काहीतरी बिघडलं हे नक्की. तुमच्या पीसीत मात्र अजून काही चाललंच नाहीये, त्यामुळे ‘बिघडलं’ हा शब्दच घाईचा आहे. नव्या जोडणीत मी पहिला संशय जोडणाऱ्या हातांवर घेतो, दुसरा पार्ट एकमेकांना चालतात की नाही यावर, आणि पार्ट खराब असण्याचा नंबर तिसरा. ‘बोर्ड गेला’ म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या नव्या जोडण्यांत खरोखर गेलेला बोर्ड क्वचितच निघाला. यात तुमच्या हाताला नावं ठेवायची नाहीत. माझ्या स्वतःच्या चुका पुढे येतीलच.

‘पीसी चालू होत नाही’ हे वाक्य चार वेगवेगळ्या दुखण्यांसाठी वापरलं जातं. एक, बटण दाबलं तरी काहीच हालत नाही. दुसरं, पंख्यांनी क्षणभर झटका खाल्ला की सगळं बंद. तिसरं तुमचं, पंखे फिरत राहतात पण डिस्प्ले नाही. चौथं, डिस्प्ले येतो, बायोसही (बोर्डाचा स्वतःचा छोटा प्रोग्राम) दिसतं, पण विंडोज चढत नाही. पीसी कुठपर्यंत जाऊन थांबतो, त्यावर पुढचं सगळं ठरतं. तुमचा बराच पुढे जातोय. एसएमपीएस चालू होतोय, पंखे सुरू राहताहेत, म्हणजे मोठा शॉर्ट बहुधा नाही. एसएमपीएस परत करायचा विचार त्यामुळे तूर्त बाजूला ठेवा.

आता वाट बघण्याबद्दल, कारण ‘मिनिटभर’ या तुमच्या शब्दावर माझी नजर अडकली आहे. तुमचा बोर्ड एएम५ सॉकेटचा आहे; सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती बैठक. हे सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्यावर डीडीआर५ शिवाय दुसरी रॅम चालत नाही. ही रॅम इतक्या वेगाने बोलते की प्रोसेसर आणि पट्ट्या यांच्यातले संकेत नेमके कोणत्या क्षणी वाचायचे, हे बोर्डाला पहिल्या वेळी चाचपडून शोधावं लागतं. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. ते चालू असताना पंखे फिरतात, मॉनिटर काळा असतो, कीबोर्डला प्रतिसाद नसतो, आणि मध्येच बोर्ड स्वतःला रीस्टार्ट करतो. तुम्ही सांगितलेलं वर्णन हुबेहूब हेच आहे. याला कधी मिनिटभर लागतं, कधी पाच मिनिटं, क्वचित त्याहून जास्त; बोर्ड, बायोसची आवृत्ती आणि रॅम किती आहे यावर ते अवलंबून. तुम्ही दर मिनिटाला स्विच बंद केलात तर ते काम दर वेळी अर्ध्यात मोडलं. रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलीत की ते पहिल्यापासून सुरू. म्हणजे जितकं तपासलंत तितकं लांबवलंत, असंही झालं असू शकेल.

म्हणून माझा नियम असा आहे: डीडीआर५ असलेला पीसी पहिल्यांदा चालू केला की मी घड्याळात पंधरा मिनिटं लावतो आणि त्याला हात लावत नाही. समोर बसून राहिलं तर हात शिवशिवतातच, तेव्हा खुशाल उठून जावं.

पण ते करायच्या आधी एक गोष्ट बघा, नाहीतर पंधरा मिनिटं फुकट जातील. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? हे तुम्ही लिहिलेलं नाही. ७५००एफ च्या नावातला तो शेवटचा ‘एफ’ सांगतो की या प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स नाही. राइझन ७००० च्या इतर बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत कामापुरतं ग्राफिक्स असतं, तुमच्यात नाही. (इंटेलच्या एफ आणि केएफ वाल्यांचंही तेच, आणि राइझन ५००० किंवा त्याआधीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर उलटं, नावात ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स.) बोर्डाच्या मागे एचडीएमआयचं भोक मात्र असतंच. पीसी उभा असताना ते वरच्या बाजूला, यूएसबीच्या शेजारी, हाताला सोयीचं असतं आणि पहिल्यांदा जोडणारा माणूस केबल तिथेच खुपसतो. तिथून तुम्हाला जन्मात डिस्प्ले येणार नाही. केबल खाली, आडव्या बसलेल्या ग्राफिक्स कार्डालाच हवी. मॉनिटरवर इनपुटही नीट निवडा. केबल डिस्प्लेपोर्टला आणि मॉनिटर एचडीएमआयवर, हे मी अनुभवी लोकांकडूनही पाहिलं आहे.

केबल बरोबर आहे, पंधरा मिनिटं दिली, तरी काळंच? मग बोर्डालाच विचारायचं. आजच्या बहुतेक बोर्डांवर, साधारण २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरच्या आसपास, चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्या शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी अक्षरं छापलेली असतात. बोर्ड चालू होताना स्वतःची तपासणी घेतो, तिला पोस्ट म्हणतात, आणि एकेक टप्पा पार पडेल तसा पुढचा दिवा लागतो. जो दिवा लागून तसाच राहील, तिथे गाडी अडली. रंगीबेरंगी पंख्यांच्या झगमगाटात हा तांदळाएवढा ठिपका दिसत नाही, म्हणून खोलीतला दिवा मालवून बघा. बोर्डावर असे दिवे नसतील तर दोन-चार पिनांचा छोटा स्पीकर मिळतो, तो बोर्डावर लावला की बीप ऐकू येतात. किती बीप म्हणजे काय, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत बघा, कारण प्रत्येकाची भाषा वेगळी.

सीपीयूचा दिवा अडून राहिला, तर मी आधी बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात बघतो. तिथे प्रोसेसरला वीज देणारा ८ पिनांचा कनेक्टर असतो. २४ पिनांची जाड केबल कुणी विसरत नाही. ही मात्र कूलर आणि कॅबिनेटच्या पत्र्याच्या बेचक्यात लपलेली असल्याने हमखास राहून जाते किंवा अर्धीच बसते. ती नसली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, कारण त्यांना वीज २४ पिनांतून मिळते. फक्त प्रोसेसर उपाशी. आणि एक सावधगिरी: एसएमपीएसमधून ८ पिनांच्या दोन जातीच्या केबली निघतात. प्रोसेसरची असते ती ४ अधिक ४ अशी मधोमध दुभंगते आणि तिच्यावर सीपीयू लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ अशी. पिनांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, पण जोर लावणाऱ्याला आकार अडवत नाहीत. एकीत कडीच्या बाजूला १२ व्होल्ट, तर दुसरीत त्याच बाजूला ग्राउंड. म्हणून तिथे जोर करावा लागतोय असं वाटलं की थांबायचं. केबली सुट्या होणारा एसएमपीएस असेल तर त्याच्याच डब्यातल्या केबली वापरा. जुन्या एसएमपीएसची ‘अगदी तशीच’ दिसणारी केबल लावू नका, कारण एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम कुठल्याही प्रमाणात बांधलेला नाही, प्रत्येक जण आपापला ठेवतो.

डीरॅमचा दिवा अडून राहिला, तर रॅम. तुम्ही काढून घातलीत म्हणता, पण कशी बसली ते नजरेने बघितलंत का? कडी लागली म्हणजे रॅम बसली, असं नसतं. हल्लीच्या बऱ्याच स्लॉटना एकाच टोकाला कडी असते. दुसरं टोक केसभर वर राहिलं तरी कडीकडचं टोक ‘कट्’ असा आवाज करून तुम्हाला निश्चिंत करतं. बोर्ड डोळ्यांच्या पातळीला आणा, मागून टॉर्च धरा आणि पट्टीची खालची कड बघा. सोनेरी दातांची रेघ एका टोकाला पूर्ण गायब आणि दुसऱ्या टोकाला बारीक चमकतेय, तर ती तिरकी आहे. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून, आधी एक मग दुसरं असं सरळ खाली दाबा. जोर बराच लागतो, बोर्ड थोडा लवतोही. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं आता हा मोडणार, आणि तो नेमका दोन मिलिमीटर अलीकडे थांबतो.

मग स्लॉटचा प्रश्न. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. पहिल्या दोनमध्ये शेजारीशेजारी नाही. तपासताना मात्र एकच पट्टी, दुसऱ्या स्लॉटमध्ये. चालली नाही तर तिच्या जागी दुसरी पट्टी. आणि प्रत्येक अदलाबदलीनंतर पुन्हा ती वाट बघणं आलंच, हे विसरू नका. कंटाळवाणं आहे, मान्य.

व्हीजीएचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, दिवा असेल तर त्यातल्या त्यात सुदैव. कार्ड काढा, स्लॉटच्या शेवटची कडी लागेपर्यंत पुन्हा बसवा, कार्डाची वीजेची केबल खटकन बसलीय का बघा. नव्या १६ पिनांच्या कनेक्टरचं कार्ड असेल तर तो कनेक्टर पूर्ण आत जायलाच हवा, फट दिसता कामा नये. अर्धवट बसलेला तसला कनेक्टर तापून वितळू शकतो, तेव्हा ही फक्त डिस्प्लेची बाब नाही. आणि बूटचा दिवा अडला असेल तर आनंद माना: पीसी चालू झालाय, त्याला फक्त विंडोज सापडत नाहीये.

इथवरचं सगळं कॅबिनेटच्या आत करता येतं. यातूनही निघालं नाही, तर मी पुढे आत चाचपडत बसत नाही, सगळं बाहेर काढतो. नवख्या माणसाला हे नको वाटतं, कारण दिवसभर खपून केबली बांधलेल्या असतात. पण उरलेल्या बहुतेक शंका या एका कामाने निम्म्या होतात. बोर्डाचा पुठ्ठ्याचा खोका टेबलावर आडवा ठेवा आणि त्यावर बोर्ड. बोर्ड ज्या चकचकीत पिशवीतून आला ती खाली अंथरू नका. तसल्या काही पिशव्यांचा बाहेरचा थर थोडीफार वीज वाहू देतो. बोर्डावर प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एक पट्टी. २४ पिनांची आणि ८ पिनांची केबल. तुमच्याकडे एफ वाला प्रोसेसर असल्याने ग्राफिक्स कार्डही, हाताने सावरून किंवा खोक्याच्या कडेला टेकवून. बाकी एसएसडी, कॅबिनेटचे पंखे, समोरच्या यूएसबीच्या वायरी, सगळं बाजूला. कॅबिनेटचं बटण नाही, तेव्हा बोर्डावर पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र टेकवायचं. बटण आतून एवढंच करतं. त्या पिनांवरचा विजेचा दाब इतका कमी असतो की झटका बसत नाही. कुठल्या दोन पिना ते मात्र पुस्तिकेत बघूनच.

हे मी कुठून शिकलो ते सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मित्रासाठी पीसी जोडत होतो. बोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान मापाचा, कॅबिनेट मोठं. बटण दाबलं की पंख्याने जेमतेम पाव फेरा घ्यायचा आणि सगळं ठप्प. एसएमपीएस बदलला, रॅम बदलली, मित्राला सांगूनही टाकलं की बोर्ड गेला. परत पाठवायला बोर्ड बाहेर काढला, आणि खोक्यात भरण्याआधी उगाच, शेवटचं म्हणून, पुठ्ठ्यावर ठेवून चालू केला. पहिल्या फटक्यात चालला. मग कॅबिनेटमध्ये वाकून बघितलं. बोर्ड आणि पत्रा यांच्यात अंतर राखायला जे पितळी खुंटे असतात, स्टँडऑफ, त्यांतला एक मोठ्या बोर्डासाठी आधीच बसवलेला होता. माझ्या बोर्डाला तिथे भोकच नव्हतं. तो खुंटा बोर्डाच्या पाठीवर, सोल्डरच्या टोकांना टेकत होता. पाठीवर अगदी त्याच्या मापाची गोल खूण उठली होती. एसएमपीएस दर वेळी शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करत होता, म्हणजे आमच्यात शहाणा तोच. तेव्हापासून बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवण्याआधी मी त्याची भोकं आणि खाली दिसणारे खुंटे मोजतो. भोकापेक्षा खुंटा जास्त नको.

पुठ्ठ्यावर चालला आणि कॅबिनेटमध्ये चालला नाही, तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा बसवण्यात: जादा खुंटा, मागे पडलेला स्क्रू, पोर्टच्या पट्टीची पत्र्याची जीभ एखाद्या यूएसबीत घुसलेली, किंवा खुद्द बटण. बटणाचीही एक गंमत आहे. एकाने पीसी आणला होता, तो चालू व्हायचा आणि चार-पाच सेकंदांनी बंद. नेमके तेवढेच सेकंद, दर वेळी. इतका वक्तशीर बिघाड पार्टाचा सहसा नसतो. पॉवर बटण चारेक सेकंद दाबून धरलं की पीसी सक्तीने बंद होतो, हे आपण सगळे अडकलेल्या पीसीवर करतोच; त्याच्या कॅबिनेटचं बटण दाबल्यावर आतच रुतून बसत होतं. बोर्डाला वाटत होतं मालकच बंद करतोय.

पुठ्ठ्यावरही चालला नाही आणि सीपीयूचाच दिवा अडतोय, तर प्रोसेसर काढून सॉकेट बघावं लागेल. हे शेवटी, कारण यात नुकसान व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, १७१८, आणि केसासारख्या नाजूक. बोट लावायचं नाही, कापड फिरवायचं नाही. टॉर्च तिरकी धरा आणि फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. सरळ पिना शेताच्या तासांसारख्या एका रांगेत चमकतात. वाकलेली पिन त्या चमकेत खळगा पाडते. दिसली तर सुईने सरळ करायला जाऊ नका. मी करतो, पण भिंग घेऊन, आणि माझ्याही हातून त्यात एक बोर्ड कायमचा गेलेला आहे. प्रोसेसर परत ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाशी जुळवा आणि तो स्वतःच्या वजनाने बसू द्या. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. एकच कोपरा आधी पूर्ण आवळला तर प्रोसेसर एका बाजूला कलतो आणि रॅमच्या काही संपर्कांना दाब कमी पडतो. दिवा रॅमचा आणि दोष कूलरचा, असा घोळ त्यातून होतो. कूलरच्या बुडाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढलीत ना, तेही याच वेळी बघून घ्या. ती राहिल्याने डिस्प्ले अडत नाही, पण पीसी भलताच तापतो.

बायोसचं थोडक्यात. बी६५० चे बोर्ड २०२२ पासून विकले जाताहेत आणि ७५००एफ आला २०२३ मध्ये. बोर्ड खोक्यात किती दिवस पडून होता, यावर त्यातलं बायोस किती जुनं ते ठरतं. कंपनीच्या वेबसाइटवर बोर्डाच्या पानावर प्रोसेसरांची यादी असते, त्यात तुमच्या प्रोसेसरपुढे किमान कोणती आवृत्ती लागते ते दिलेलं असतं. खोक्यावर किंवा बोर्डावर आवृत्तीचा स्टिकर असेल तर ताडून बघा. जुनं निघालं तरी घाबरायचं कारण नाही. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर डिस्प्ले नसतानाही, अगदी प्रोसेसर नसतानाही, बायोस बदलता येतं: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट, त्यात पुस्तिकेत सांगितलेल्या नावाने फाइल, आणि तो नेमून दिलेल्या यूएसबीतच. दिवा लुकलुकत असेपर्यंत वीज तोडायची नाही. नव्या बायोसमध्ये रॅमच्या तक्रारीही बऱ्याचदा सुटलेल्या असतात, म्हणून डीरॅमचा दिवा अडणाऱ्यांनाही मी हे करायला सांगतो.

सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या साठवलेल्या सेटिंग पुसा, हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. करा, काही जात नाही: वीज पूर्ण काढून, बोर्डावरच्या दोन पिना जोडून किंवा सीआर२०३२ ची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं काढून. पण अजून एकदाही न चाललेल्या बोर्डात पुसण्यासारखं फारसं काही नसतं. त्याचा खरा उपयोग पुढे, जेव्हा तुम्ही बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू कराल आणि डिस्प्ले पुन्हा जाईल, तेव्हा. आणि तेव्हाही ट्रेनिंग नव्याने होईल, घाबरू नका.

एसएमपीएस तपासायचाच असेल तर हेही सांगून ठेवतो, कारण तुमच्या प्रश्नात त्याचं नाव आहे. २४ पिनांच्या कनेक्टरमधली १६ क्रमांकाची पिन, रंगीत वायरी असतील तर हिरवी, शेजारच्या काळ्या वायरीच्या पिनेला जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय चालू होतो. वायरी सगळ्याच काळ्या असतील तर अंदाजाने तार खुपसू नका, त्यापेक्षा छोटा टेस्टर आणा. मल्टिमीटर लावलात तर १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६ च्या मध्ये आकडा हवा, ५ व्होल्टवर ४.७५ ते ५.२५. यावरून एवढंच कळतं की तो रिकाम्या पोटी उभा राहतो. ओझं पडल्यावर काय करतो ते दुसऱ्या चालू पीसीवर लावूनच कळेल. त्याचा डबा मात्र कधी उघडू नका. आतल्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

तर तुमचा आजचा क्रम असा: केबल ग्राफिक्स कार्डाला, मग पंधरा मिनिटं, मग कोणता दिवा अडतो ते. त्यातून निघालं नाही तर एक पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग फ्लॅशबॅक, मग पुठ्ठा. एका वेळी एकच बदल करा आणि कागदावर लिहा, कारण रात्री अकरानंतर कोणती पट्टी कुठे होती हे कुणालाच आठवत नाही. पट्ट्यांवर पेन्सिलने १ आणि २ केलंत तर उत्तम. प्रत्येक वेळी काही काढण्या-घालण्याआधी एसएमपीएसचा मागचा स्विच बंद, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची, आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्यायचा.

हे सगळं करूनही पुठ्ठ्यावर, दोन्ही पट्ट्यांनी आळीपाळीने, नव्या बायोससह तोच दिवा अडला, तर मात्र आता पार्ट खराब आहे असं मीही म्हणेन. तेव्हा ओळखीच्या कुणाकडे एएम५ चा चालू पीसी असेल तर तुमची रॅम त्यात लावून बघा. ती तिथे चालली तर बोर्ड आणि प्रोसेसर उरले, आणि त्या दोघांत मी बोर्ड आधी परत करेन, कारण प्रोसेसर कोरा खराब निघणं फार दुर्मिळ. परत करण्यापूर्वी सॉकेटचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, वाकलेल्या पिना सहसा वॉरंटीत धरत नाहीत. आणि प्रोसेसर बसवताना सॉकेटवरचं जे काळं प्लॅस्टिकचं झाकण टणकन उडालं असेल, ते कचऱ्यात गेलं असेल तर आत्ताच शोधा. त्याच्याशिवाय बोर्ड परत घ्यायला लोक खळखळ करतात.